लसीमुळे झालेल्या इजेचा दावा तडजोडीने मिटवताना : अमेरिकेतील भरपाई योजनेची वाट

फ्लूची लस टोचून घेतल्यावर दोन दिवस दंड ठणकला, तर त्याची कोणी तक्रार करत नाही. परंतु तोच हात पाच महिन्यांनंतरही फडताळातला वरचा डबा काढू देत नसेल, तर अमेरिकेत राहणाऱ्या माणसासमोर एक कायदेशीर मार्ग खुला असतो, आणि तिथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना त्याची माहिती मुदत टळून गेल्यावरच मिळते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे घटसर्प, धनुर्वात व डांग्या खोकल्याच्या तिहेरी लसीवरून इतके खटले दाखल झाले की कंपन्या लसनिर्मितीतून अंग काढून घेऊ लागल्या. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९८६ मध्ये कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून ‘नॅशनल व्हॅक्सिन इन्ज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम’ ही योजना सुरू झाली. या योजनेत कोणाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही. लस ज्या ज्या आजारापासून संरक्षण देते, त्या प्रत्येक आजारामागे एका डोसावर ७५ सेंट कर बसतो (म्हणजे गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीवर सव्वादोन डॉलर) आणि त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून भरपाई दिली जाते.

कागदोपत्री प्रतिवादी असतात अमेरिकेचे आरोग्य सचिव. लस टोचणारा औषधविक्रेता किंवा डॉक्टर यात कुठेच येत नाही, म्हणून ‘बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना कशाला अडचणीत आणायचे’ हा आपल्याकडचा नेहमीचा संकोच इथे गैरलागू आहे. दुसरीकडे, भरपाई मिळाली म्हणजे लस घातक ठरली असेही होत नाही. वाटल्या गेलेल्या साधारण दहा लाख डोसांमागे एका व्यक्तीला भरपाई मिळते, असे हे प्रमाण आहे.

आधी दार कोणते, ते पाहावे

योजनेत सर्वच लसी येत नाहीत. मुलांना किंवा गर्भवती स्त्रियांना नियमितपणे देण्याची शिफारस असलेल्या आणि वरील कर लागू असलेल्या लसीच येतात. फ्लू, धनुर्वात, गोवर, कावीळ अ व ब, कांजिण्या, रोटाव्हायरस, एचपीव्ही या त्यांतल्या काही होत. लस मुलांच्या यादीतली असली की ती घेणारा सत्तर वर्षांचा असला तरी चालते. उलट भारतात सुट्टीवर येण्यापूर्वी जी टायफॉइडची लस बहुतेक कुटुंबे घेतात, ती यात बसत नाही. रेबीजची आणि ज्येष्ठांना देतात ती नागिणीची लसही बसत नाही.

कोविडच्या लसींसाठी ‘काउंटरमेझर्स इन्ज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम’ हा वेगळाच दरवाजा आहे आणि तो बराच अरुंद आहे. तिथे लस घेतल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, वेदनेची भरपाई नाही, वकिलाचा खर्च नाही आणि न्यायालयासमोर सुनावणीही नाही. दोन्ही दरवाजांमधली गफलत महागात पडते. एकाच भेटीत एका दंडात फ्लूची आणि दुसऱ्या दंडात कोविडची लस घेतलेल्या माणसाचा दावा कोणत्या खांद्यात काय टोचले होते एवढ्यावरच उभा राहतो किंवा कोसळतो.

लस सामान्यतः अमेरिकेत घेतलेली असावी लागते, मात्र अमेरिकी नागरिकत्वाची अट नाही. नातवंडांना पाहायला आलेल्या आजींनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतली असेल, तर त्यांनाही दावा करता येतो. देशाबाहेर घेतलेल्या लसीसाठी काही मोजके अपवाद आहेत. त्यांपैकी एक असा की लस अमेरिकेत असलेल्या उत्पादकाची असावी आणि व्यक्ती सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत परतलेली असावी. म्हणून पुण्यात किंवा पणजीत बाळाला टोचून आणलेल्या लसीच्या कार्डावर उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक आहे का, हे तिथून निघतानाच पाहून घ्यावे.

आणखी एक अट तीव्रतेची आहे. त्रास लस घेतल्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असावा, किंवा त्यापायी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करावी लागलेली असावी, किंवा मृत्यू झालेला असावा.

पहिल्या लक्षणाची तारीख

सगळा दावा एका तारखेच्या खुंटीला टांगलेला असतो. इजेचे पहिले लक्षण दिसले त्या दिवसापासून तीन वर्षांत अर्ज दाखल व्हावा लागतो. मृत्यूच्या प्रकरणात मृत्यूपासून दोन वर्षे आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षे या दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. निदान कधी झाले, लसीशी संबंध आहे हे डॉक्टरांनी कधी सांगितले, याला महत्त्व नाही. फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने २०११ मध्ये क्लोअर प्रकरणात हे स्पष्ट केले की मुदत लक्षण दिसल्यापासून मोजायची, संबंध समजल्यापासून नव्हे. मूल लहान आहे म्हणून मुदत त्याच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत थांबून राहील, या समजुतीत कोणी राहू नये.

हीच तारीख दुसऱ्या बाजूनेही कामी येते. कायद्याला जोडलेल्या इजा-तक्त्यात प्रत्येक लसीसमोर काही इजा आणि त्या दिसण्याची कालमर्यादा दिलेली आहे. खांद्याची इजा, जिला ‘सिरव्हा’ म्हणतात, ४८ तासांच्या आत; फ्लूच्या लसीनंतरचा गुलेन-बॅरी सिंड्रोम, म्हणजे हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार, ३ ते ४२ दिवसांत; धनुर्वाताच्या लसीनंतर दंडाच्या मज्जातंतूंचा दाह २ ते २८ दिवसांत; तीव्र ॲलर्जीचा झटका चार तासांच्या आत. या चौकटीत इजा बसली, तर लसीमुळेच ती झाली असे कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी सरकारवर जाते. सिरव्हा आणि फ्लूनंतरचा गुलेन-बॅरी हे दोन्ही मार्च २०१७ मध्ये तक्त्यात आले, आणि आज तडजोडीने मिटणाऱ्या दाव्यांत त्यांचाच भरणा मोठा आहे. अर्जाला लागू होतो तो दाखल करण्याच्या दिवशीचा तक्ता. २०२५ पासून आरोग्य सचिव रॉबर्ट केनेडी (धाकटे) या योजनेत बदल करण्याची भाषा करत असल्याने, तक्ता त्याच दिवशीचा पाहणे ही आता नुसती औपचारिकता राहिलेली नाही.

इथे आपल्या माणसांची एक सवय आड येते. खांदा दुखायला लागला की पहिले तीन आठवडे बाम, तिळाचे तेल आणि ‘जाईल आपोआप’ यांत जातात. मग डॉक्टरांकडे गेल्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बोलणे होते आणि खांद्याचा विषय राहून जातो. दोन वर्षांनी सरकारी वकील तो तपासणीचा कागद पुढे ठेवून विचारतात की ४८ तासांत वेदना सुरू झाली होती, तर या भेटीत तिचा उल्लेख कसा नाही. म्हणून भेट कशासाठीही असो, ‘अमुक तारखेला डाव्या दंडात लस घेतली, त्याच रात्रीपासून दुखते आहे’ हे वाक्य डॉक्टरांना सांगावे आणि ते नोंदले गेले की नाही, हे रुग्णांसाठीच्या पोर्टलवर त्याच आठवड्यात वाचून पाहावे.

वकील, ज्याला तुम्ही पैसे द्यायचे नसतात

या योजनेतील वकिलाला अर्जदाराकडून फी घेण्याची कायद्यानेच मनाई आहे. त्याची फी व खर्च न्यायालय मंजूर करते आणि ती रक्कम भरपाईतून कापली न जाता निधीतून वेगळी दिली जाते. दावा फेटाळला गेला तरी, तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर, ही फी मिळू शकते. नेहमीच्या अपघाताच्या दाव्यात वकील सुमारे एक तृतीयांश रक्कम घेतो. त्यामुळे मावसभावाला गाडीच्या अपघातात किती मिळाले याच्याशी इथल्या आकड्याची तुलना करू नये, कारण तिथल्या नव्वद हजारांतले साठ हजार हातात येतात, तर इथले साठ हजार पूर्णच हातात येतात.

या कामाचा अनुभव असलेले वकील देशभर विखुरलेले आहेत आणि कामकाज बहुतांशी फोनवर व इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालत असल्याने तुमच्याच राज्यातला वकील शोधण्याची गरज नाही. सही करण्यापूर्वी मात्र त्याने लस-न्यायालयात, म्हणजे हे दावे जिथे चालतात त्या न्यायालयात, किती प्रकरणे चालवली आहेत, हे विचारावे. वाहन अपघातांत निष्णात असलेला वकील इथे नवशिकाच असतो.

कागदपत्रे

लस दिल्याची नोंद हा पाया. तिच्यात तारीख, लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि कोणत्या दंडात दिली हे हवे. औषधाच्या दुकानांतील संगणक पुष्कळदा दंडाच्या रकान्यात आपोआप ‘डावा’ असे भरून ठेवतो, आणि दुखतो उजवा. अशा वेळी पहिल्या काही भेटींत डॉक्टरांनी ‘उजव्या खांद्यात लस’ असे लिहिलेले असेल तर ते उपयोगी पडते. नसेल तर बरोबर असलेल्या व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

त्यानंतर लस घेण्यापूर्वीच्या तीन वर्षांपासून आजपर्यंतच्या सगळ्या वैद्यकीय नोंदी लागतात. निवडक नव्हे, सगळ्या. खांद्याला पूर्वी त्रास होता असे दाखवणारा जुना कागद लपवला, तर तो सरकारच्या डॉक्टरांना सापडतोच, आणि मग उरलेल्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. सिरव्हाच्या व्याख्येत त्या खांद्याला आधी दुखणे, सूज किंवा हालचालीची अडचण नव्हती, ही पहिलीच अट आहे. शिवाय वेदना आणि हालचालीवरची मर्यादा त्याच खांद्यापुरती असावी लागते, मानेतून हातभर उतरणारी नव्हे.

भारतभेटीत घेतलेले उपचार हा मराठी कुटुंबांच्या कागदपत्रांतला कच्चा दुवा आहे. डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये सहा आठवडे रोज फिजिओथेरपी केली जाते आणि पुरावा म्हणून उरते ती तारीख नसलेली एक चिठ्ठी. अमेरिकेतल्या कागदपत्रांत तेवढे दोन महिने कोरे दिसतात आणि त्या मोकळ्या जागेचा अर्थ ‘बरे वाटत होते’ असा लावला जातो. तिथून निघतानाच प्रत्येक भेटीची तारीख, हात किती अंशांपर्यंत वर जात होता ते आणि आकारलेली रक्कम एका पत्रावर लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावी. मजकूर मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

अर्ज वॉशिंग्टनमधील ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’ या न्यायालयात सुमारे चारशे डॉलर शुल्क भरून दाखल होतो आणि तो स्पेशल मास्टर या न्यायाधिकाऱ्यांपैकी एकाकडे जातो. ज्युरी नसते. खांद्याच्या इजेसारखी, लवकर मिटण्याची शक्यता असलेली प्रकरणे एका विशेष कक्षाकडे सोपवली जातात. आरोग्य खात्याचे डॉक्टर नोंदी वाचतात आणि न्याय खात्याचे वकील ‘नियम ४ (क)’ खालील अहवालात सरकारची भूमिका मांडतात. इथपर्यंत पोहोचायलाच वर्ष उलटते. पूर्ण निकालाला दोन-तीन वर्षे सहज लागतात.

तक्त्याबाहेरची इजा

इजा तक्त्यात बसत नसेल, तर कार्यकारणभाव स्वतः सिद्ध करावा लागतो. २००५ च्या अल्थेन निकालाने त्यासाठी तीन गोष्टी ठरवून दिल्या : लसीतून अशी इजा होऊ शकते असा वैद्यकीय सिद्धांत, या रुग्णात तसेच घडले हे दाखवणारी तर्कसंगत साखळी, आणि त्या सिद्धांताशी जुळणारे कालांतर. निर्विवाद शास्त्रीय पुरावा लागत नाही. ‘असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त’ एवढे पुरते. परंतु नुसते एकामागून एक घडले म्हणून चालत नाही. ऑटिझमविषयीचे पाच हजारांहून अधिक दावे याच न्यायालयात एकत्र आले होते, आणि २००९ व २०१० मध्ये निवडलेल्या प्रातिनिधिक प्रकरणांत सविस्तर पुरावा तपासून ते फेटाळले गेले. त्या मुद्द्यावर आज कोणी वकील आशा दाखवत असेल, तर तो तुमचा वेळ घेतो आहे.

सरकारचा ठरलेला बचाव दुसऱ्या कारणाचा असतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बॅरीचे जे रुग्ण आढळले, त्यांतल्या अनेकांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जिवाणू सापडला होता. तेव्हा फ्लूच्या लसीनंतर हा आजार झालेल्या अर्जदाराला पहिला प्रश्न हाच असतो की त्याआधीच्या महिन्यात जुलाब किंवा तापाचा आजार झाला होता का. दाखल होताना घरच्यांनी डॉक्टरांना सहज सांगितलेली गोष्ट नोंदीत असते. तिचे उत्तर वकिलाकडे आधीच तयार हवे.

रक्कम कशी मांडावी

वेदना व मानसिक यातनांसाठी कायद्याने अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली आहे आणि १९८६ पासून ती बदललेली नाही. मृत्यूसाठीही अडीच लाखच. विम्याने न दिलेला झालेला आणि पुढे होणारा वैद्यकीय खर्च, तसेच बुडालेली मिळकत यांना अशी मर्यादा नाही. भरपाई इजा झालेल्या व्यक्तीचीच. तिची देखभाल करायला पतीने सोडलेल्या नोकरीचे पैसे मिळत नाहीत आणि कोणाला धडा शिकवण्यासाठी दंडही लावता येत नाही.

वेदनेचा आकडा आधीच्या निकालांवरून ठरतो. खांद्यावर शस्त्रक्रिया झालेल्या प्रकरणांत तो अनेकदा एक लाख डॉलरच्या आसपास किंवा पुढे जातो, न झालेल्यांत बऱ्यापैकी खाली राहतो, तर गुलेन-बॅरीत दीड लाखाच्या आसपास किंवा पुढे जातो. उपचार किती लवकर घेतले, किती इंजेक्शने घ्यावी लागली, एमआरआयमध्ये काय दिसले, हात किती वर जातो, मध्ये उपचारांत किती खंड पडला, यांवर तो हलतो. म्हणून मागणीपत्रात ‘अतिशय त्रास झाला’ असे लिहिण्याऐवजी सात महिने बाळाला डाव्या हाताने उचलता आले नाही, साडीचा पदर खांद्यावर घेता येत नव्हता, उजव्या कुशीवरच झोपावे लागले, असे लिहावे. मात्र या गोष्टी उपचारांच्या कागदांतही कुठेतरी दिसायला हव्यात.

आयुष्यभराची काळजी लागणार असेल, तर दोन्ही बाजू स्वतंत्र तज्ज्ञांकडून पुढच्या खर्चाचा आराखडा करून घेतात : नर्स किती तास, चाकाची खुर्ची किती वर्षांनी बदलायची, घरात उतरण कुठे लागेल. अशी रक्कम एकरकमी न देता बरेचदा विमा कंपनीकडून ॲन्युइटी घेऊन दरवर्षी दिली जाते. आराखड्यात राहून गेलेली वस्तू नंतर मागता येत नाही, त्यामुळे तो रात्रपाळीला रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाने वाचावा. वकिलाला माहीत नसलेल्या चार गोष्टी त्याला माहीत असतात.

बोलणी आणि प्रस्ताव

पैसे मिळण्याच्या तीन वाटा आहेत. सरकार अहवालातच दावा मान्य करते, स्पेशल मास्टर पात्रतेचा आदेश देतात आणि मग फक्त आकडा ठरतो. किंवा सुनावणी होऊन निकाल लागतो. किंवा सरकार कारण मान्य न करताच तडजोड करते. आजवर भरपाई मिळालेल्या दाव्यांपैकी सुमारे ६० टक्के याच वाटेने मिटले आहेत. या तिसऱ्या वाटेच्या करारात स्वच्छ लिहिलेले असते की लसीमुळे ही इजा झाली हे प्रतिवादी नाकारतात, तरीही दोन्ही बाजू अमुक रकमेवर राजी आहेत.

हे वाक्य वाचून अनेकांचा पाय अडखळतो. ‘आम्ही खोटे बोललो असे म्हणतात, मग पैसे कसले देता?’ हा राग समजण्यासारखा आहे, पण माझ्या मते या वाक्यासाठी प्रस्ताव नाकारणे हा चुकीचा हिशेब आहे. तडजोड म्हणजे दोन्ही बाजूंनी अनिश्चिततेची ठरवलेली किंमत. वेदनेची नोंद लस घेतल्यानंतर नव्वद दिवसांनी प्रथम आली असेल, तर त्या कमकुवतपणाची किंमत रकमेतून वजा झालेली असते, आणि तीच बाब सुनावणीत सगळा दावा बुडवू शकते. प्रस्तावाचा आकडा आणि जिंकल्यास मिळू शकणारा आकडा एवढेच न पाहता, जिंकण्याची शक्यता किती आणि आणखी किती महिने लागतील हेही वकिलाकडून लेखी मागावे. वकिलाची फी तुमच्या रकमेतून जात नसल्याने घाईने मिटवण्याचे त्याला कारण नाही. पण त्याच कारणाने ताणून धरण्याचा खर्चही त्याच्या खिशातून जात नाही. निर्णय तुम्हीच घ्यायचा.

पहिला प्रस्ताव शेवटचा नसतो. प्रतिप्रस्तावात केवळ मोठा आकडा न टाकता त्याच्याशी जुळणाऱ्या दोन-तीन निकालांचा आधार द्यावा, म्हणजे बोलणी आकड्यावरून कागदावर येतात. तोंडी सहमती झाल्यावरही न्याय खाते व आरोग्य खाते यांच्या मंजुऱ्यांत काही आठवडे जातात. त्या काळात कर्ज काढून स्वयंपाकघर बदलायला घेऊ नये.

सही झाल्यानंतर

करारावरून स्पेशल मास्टर निर्णय देतात आणि तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर जाहीर होतो. नावाऐवजी आद्याक्षरे हवी असतील किंवा खासगी वैद्यकीय तपशील वगळायचा असेल, तर निर्णयानंतर १४ दिवसांत तसा अर्ज करावा. लग्न ठरायच्या वयाची मुलगी घरात असेल, तर ही मुदत दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी. फेरविचार मागण्याची ३० दिवसांची मुदत दोन्ही बाजूंनी सोडून दिली, तर अंतिम न्यायनिर्णय लवकर नोंदला जातो. त्यानंतर तो मान्य असल्याचे कळवावे लागते, आणि मग पैसे येतात. तो स्वीकारला की त्याच इजेसाठी लस कंपनीवर दिवाणी दावा करता येत नाही. नाकारून कंपनीकडे जाण्याची वाट कागदावर आहे, पण २०११ च्या ब्रूसेविट्झ निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लसीच्या रचनेतील दोषावरचे दावे बंद केल्यापासून ती जवळजवळ भिंतीपाशीच संपते.

रुग्ण मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर, असेल, तर राज्याने केलेल्या खर्चाची वसुली आधी होते. तो आकडा बोलणी चालू असतानाच राज्याकडून लेखी मागवावा. मृत्यूच्या प्रकरणात मालमत्तेचा न्यायालयाने नेमलेला प्रतिनिधी लागतो. आजींची मुले तीन देशांत विखुरलेली असतील, तर त्या नेमणुकीसाठी सगळ्यांची संमतिपत्रे गोळा करण्यातच एक ऋतू सरतो. अर्जदार अल्पवयीन असेल, तर जन्मदात्या आईवडिलांनाही केवळ आईवडील म्हणून पैसे मिळत नाहीत; राज्याच्या न्यायालयाकडून मुलाच्या संपत्तीचे पालक म्हणून रीतसर नेमणूक करून घ्यावी लागते. हा अर्ज सही झाल्यावर नव्हे, तर सरकारी वकिलाने पहिल्यांदा रकमेचा विषय काढला त्या आठवड्यातच करावा, कारण तो आदेश हाती येईपर्यंत मंजूर झालेली रक्कम सरकारी खजिन्यातच पडून राहते.